वाऱ्याचे वावडे

रोगास जे नाव पडते त्याच्या मागोमाग औषध येते, असे वैद्यकाच्या इतिहासात वारंवार आढळते. नाक गळू लागले की आम्ही त्यास 'सर्दी' म्हणतो. हा शब्द फारसी. त्याचा अर्थ थंडी एवढाच. तेव्हा तीवर ऊब हाच उपाय ठरावा, यात नवल नाही. राधानगरीच्या बाजूस, शाहू छत्रपतींनी भोगावतीवर ज्या धरणास हात घातला त्याच्या आसमंतात, पावसाळा ओसरला की सड्यांवरील गवत तुऱ्यावर येते. पाठोपाठ भाताच्या मळणीची धूळ उडते. त्या दिवसांत ज्यांस शिंकांवर शिंका येतात व डोळे चुरचुरतात, त्यांच्या हाती आल्याचा नाही तर आडुळशाचा काढा दिला जातो. आडुळशास आम्ही कमी लेखीत नाही. आयुर्वेदाने 'वासा' या नावाने त्याची योजना खोकल्यावर केली, आणि त्यातील व्हॅसिसीन या द्रव्यावरूनच पुढे ब्रोमहेक्झीन हे कफ पातळ करणारे औषध घडले. परंतु कफ सुटणे निराळे आणि शिंक थांबणे निराळे.

मौज अशी की, योग्य शब्द मराठीपाशी होताच. एखाद्यास वांग्याचे वावडे असते, म्हणजे इतरांस जे निरुपद्रवी ते त्याच्या अंगास सोसत नाही, हे घरोघर ठाऊक आहे. व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के याने 1906 मध्ये बनविलेला 'अ‍ॅलर्जी' हा शब्द पुढे याच अर्थी रूढ झाला. मात्र आमचे वावडे ताटापाशीच थांबले. ते वाऱ्याचेही असू शकेल, हा विचार व्यवहारात रुजला नाही.

इंग्रजांचेही असेच झाले. त्यांच्या 'हे फीव्हर'मध्ये ना वाळल्या गवताचा दोष, ना ताप. लंडनच्या जॉन बोस्टॉक या डॉक्टराने 1819 मध्ये स्वतःच्याच या व्यथेचे वर्णन वैद्यमंडळापुढे वाचले. उन्हाळ्याच्या उष्म्यास दोष देऊन त्याने रक्त काढविले, अफूही घेतली. गुण आला नाही. मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली याने मात्र गवताचे पराग स्वतःच्याच नाकात घालून पाहिले, उंच हवेतील पराग टिपण्यासाठी पतंगही उडविले, आणि 1873 च्या ग्रंथात खरा अपराधी दाखवून दिला. लिओनार्ड नून याने 1911 मध्ये त्याच परागांचा अर्क चढत्या प्रमाणात टोचण्याचा उपाय प्रसिद्ध केला. तो सुधारून आजही चालतो.

शिंक आणणाऱ्या हिस्टामीन या शरीरांतर्गत द्रव्यास अडविणारा पहिला पदार्थ पॅरिसच्या पाश्चर संस्थेत डानिएल बोव्हे व आन-मारी स्टाउब यांस 1937 मध्ये सापडला. तो मनुष्यास देण्याजोगा नव्हता. तसे औषध फ्रान्सात 1942 मध्ये आले. बोव्हे यास 1957 चे नोबेल पारितोषिक मिळाले. पण या पहिल्या पिढीच्या औषधांनी झापड येते. 1980 नंतरची सेटिरिझीन, लोरॅटाडीन ही औषधे त्या मानाने सौम्य. चोंदलेल्या नाकास तर स्टेरॉइडचा फवारा अधिक उपयोगी. छातीत घरघर लागली असता या गोळ्यांवर भिस्त ठेवणे धोक्याचे; तेथे दम्याचीच औषधे हवीत.

इतके होऊनही दुकानात मागितली जाते ती 'सर्दीची गोळी'च. तीत बहुधा जुने, गुंगी आणणारे क्लोरफेनिरामीन असते. ती घेऊन दाजीपूरमार्गे फोंडा घाट उतरणाऱ्या मोटारचालकास हे कोणी सांगितलेले असतेच असे नाही.