हजेरीची बखर

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्यापारी आपली नवी वही पाटावर मांडतो, तिच्यावर कुंकवाचे स्वस्तिक काढतो, हळदकुंकू वाहतो आणि मगच पुढच्या वर्षाचा जमाखर्च आरंभतो. ही वही पैशांची. परंतु माणसांचीही एक वही असते. कोण कामावर आला, कोण रजेवर गेला, कोणाचे किती दिवस भरले, याची नोंद तिच्यात होते. दिवाळीला घरोघर जो बोनस येतो, ज्यावर पोरांचे फटाके आणि बायकांची लुगडी अवलंबून असतात, तो या वहीतूनच निघतो. १९६५ च्या बोनसच्या कायद्याने वर्षात निदान ३० दिवस काम केलेल्याला बोनसचा हक्क दिला. आणि ३० दिवस भरले की नाही, हे ठरवणार कोण? तर ही वही. असे असून तिची पूजा कोणी केल्याचे माझ्या पाहण्यात नाही. लोक तिला मस्टर म्हणतात. माझे सारे आयुष्य तिच्या संगतीत गेले, म्हणून आज तिचीच थोडी बखर सांगावी म्हणतो.

गेल्या हिवाळ्यात मी अकलोलीला गेलो होतो. भिवंडी तालुक्यातले हे लहानसे गाव. तानसा नदीच्या काठी गरम पाण्याची कुंडे आहेत. गुडघे धरलेली म्हातारी माणसे तिथे पाय बुडवून बसतात. माझेही गुडघे आता त्याच पंगतीतले. शेजारीच वज्रेश्वरी. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी या देवीला नवस बोलला आणि १७३९ साली वसई हाती आल्यावर तो फेडला, अशी या भागातली परंपरा आहे. मी मात्र पडलो मस्टरचा कारकून. नवसाची गोष्ट ऐकताना माझ्या मनात भलताच प्रश्न आला: त्या मोहिमेतल्या हजारो माणसांची नावे कोणी लिहिली असतील? जो खंदकात पडला, त्याच्या घरी काय पोचले, हे कोणी पाहिले असेल?

हा प्रश्न वाटतो तितका भलता नाही. फौजेतली हजेरीची वही फार जुनी. अलाउद्दीन खिलजीने घोड्यांवर डाग देण्याची आणि शिपायांचे चेहरे लिहून ठेवण्याची पद्धत घातली. रंग, बांधा, अंगावरची खूण असे सारे वर्णन लिहायचे. कारण उघड होते. तपासणीच्या दिवशी उसना घोडा आणि उसना माणूस उभा करून पगार उचलण्याची युक्ती सरदारांना चांगली ठाऊक होती. ‘हजेरी’ हा शब्द आपण अरबीवरून घेतला, ‘मस्टर’ हा इंग्रजीवरून. आणि मौज अशी की या इंग्रजी शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये ‘दाखवणे’ असे आहे. मालकाने म्हणायचे, ‘दाखव तू कोण आहेस’. चाकराने म्हणायचे, ‘हा मी आहे.’ वहीचा सगळा इतिहास या दोन वाक्यांत मावतो. तिचा जन्म माणसावरच्या अविश्वासातून झाला. पण पुढे नवल घडले. ज्याला पकडण्यासाठी ती वही लिहिली, त्याच माणसाच्या हक्काचा ती पुरावा ठरली.

हा पालट आपल्या मुंबईत लख्ख दिसतो. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीचा पाया घातला आणि पाहता पाहता कोकणातली व घाटावरची गावे गिरणगावात ओतली गेली. कामावर कोणाला घ्यायचे, कोणाला काढायचे, हे जॉबरच्या हातात असे. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांच्या मागण्या पुढे मांडल्या. त्यांत रविवारची सुट्टी होती, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती होती, आणि महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मिळावा अशीही मागणी होती. वाचकांनी या १५ तारखेकडे जरा थांबून पाहावे. म्हणजे तेव्हा पगार तिच्याही पुढे जात असे! रविवार मिळाला १८९० साली. पगाराच्या तारखेला कायद्याचे बंधन यायला १९३६ चे साल उजाडले. त्या कायद्याने लहान कारखान्याला सातवी आणि मोठ्याला दहावी तारीख घालून दिली. मधल्या काळात, १९२४ च्या जानेवारीत, मुंबईच्या गिरण्या बोनसच्या प्रश्नावरून बंद पडल्या होत्या.

१९३५ साली गिरणीमालकांनी बदली कामगारांना कार्डे देण्याची योजना आणली. कायम माणूस गैरहजर राहिला की त्याच्या जागी उभा राहतो तो बदली. माझे वडील असेच बदली म्हणून १९५१ साली एका गिरणीत लागले आणि १९५८ साली कायम झाले. बदली असताना मस्टरवर त्यांचे नाव ‘विठू’ असे पडले होते, कायम झाल्यावर ‘विठ्ठल’ झाले. नाव लिहिणारा कारकून बदलला होता, एवढेच! १९८२ च्या जानेवारीत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मोठा संप झाला. त्यातून वडील पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत. पुढे हिशेब झाला तेव्हा विठूची सात वर्षे विठ्ठलच्या खात्यात धरली गेली नाहीत. वडील चार वेळा हेलपाटे घालून आले आणि मग गप्प बसले. एकदाच म्हणाले, “माग मीच चालवला, पण कागदावर तो दुसऱ्याच कोणी चालवला.”

त्या वेळी मी ठाण्याच्या एका कारखान्यात टाइम ऑफिसात कारकून होतो. मस्टर लाल-निळ्या शाईने भरायचो आणि मनाशी म्हणायचो, माझ्या हातून असे कधी होणार नाही. ते बोल पुढे किती फिके पडले, ते सांगायचेच आहे.

तिकडे वहीचे रूप पालटत होते. विलायतेत लायन्स नावाची चहाची दुकाने चालवणारी कंपनी होती. तिने आपल्या हिशेबासाठी स्वतःच एक संगणक बांधला. त्याचे नाव ‘लिओ’. १९५१ पासून तो कामाला लागला आणि १९५४ च्या सुमारास कंपनीच्या नोकरांचे पगार काढू लागला. मुरलेल्या कारकुनाला एका माणसाचा पगार काढायला जिथे आठ मिनिटे लागत, तिथे लिओला दीड सेकंद पुरे. म्हणजे ज्या यंत्राची कीर्ती आपण तारे आणि अणू यांच्या गणितासाठी ऐकतो, त्याने कचेरीत पाऊल टाकले ते चहावाल्यांच्या घरी आणि हिशेबासाठी!

आपल्याकडे टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बांधलेला संगणक १९६० साली पुरा झाला. १९६१ साली मुंबईत एस्सो कंपनीच्या कचेरीत आयबीएमचे १४०१ जातीचे यंत्र आले. कारकुनांच्या पोटात गोळा उठला. हे यंत्र आमच्या तोंडचा घास काढणार, असे म्हणत विमा कर्मचारी रस्त्यावर आले. शेवटी स्वयंचलनाचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारने १९६९ साली समिती नेमली. तिचे अध्यक्ष आपल्या पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर होते आणि अहवाल १९७२ साली आला. त्याच १९७२ साली जर्मनीत आयबीएम सोडून आलेल्या पाच अभियंत्यांनी ‘सॅप’ ही कंपनी काढली. हिशेब आणि पगार हेच तिचे आरंभीचे काम. पुढे १९८७ साली अमेरिकेत डेव्ह डफिल्ड आणि केन मॉरिस यांनी ‘पीपलसॉफ्ट’ काढली. ती तर माणसांच्या वहीसाठीच जन्मली होती. २००५ साली ती ओरॅकलने विकत घेतली.

या पीपलसॉफ्टमधल्या दोन युक्त्या सांगण्यासारख्या आहेत. पहिली युक्ती तारखेची. कोणाची बढती झाली, पगार वाढला, बदली झाली, तर जुनी ओळ पुसायची नाही. कोणत्या तारखेपासून अंमल, ते लिहून खाली नवी ओळ घालायची. जुन्या ओळी तशाच राहतात. आपल्या जुन्या दफ्तरातल्या कारकुनांना हे ऐकून आनंदच झाला असता, कारण खाडाखोड नसलेली वही ती खरी वही, हा त्यांचाही धर्म. दुसरी युक्ती अवजारांची. पगार, रजा, हजेरी यांचे नियम एका बाजूला आणि ते ज्या अवजारांनी बांधले ती अवजारे दुसऱ्या बाजूला. सुताराने पटाशी बदलली म्हणून कपाट नव्याने करावे लागत नाही, तसेच हे. २००० साली त्यांनी पडदे ब्राउझरमध्ये आणले, २०१४ साली ते मोबाइलच्या आकाराप्रमाणे लहानमोठे होऊ लागले. पण आतली वही तीच राहिली.

आमच्या कारखान्यात निराळीच, पण याच जातीची एक प्रणाली आली. टाइम ऑफिसातला जुना माणूस म्हणून तिची देखभाल माझ्याकडे आली. कोणाला कोणता पडदा दिसावा, कोणी काय बदलावे, नवी आवृत्ती आली की ती आधी वेगळ्या जागी चालवून पाहावी, जुन्या आणि नव्या पगाराच्या याद्या ताडून पाहाव्यात, मगच ती लोकांपुढे न्यावी. हे सारे मी शिकलो. २००३ साली पडदा बदलायचा ठरला. जुन्या पडद्यावर दोन तारखा होत्या. एक पहिल्यांदा रुजू झाल्याची, दुसरी सध्याच्या नेमणुकीची. कारकून दोहोंत घोटाळे करीत. मी विचार केला, कशाला हा ताप? आणि पहिली तारीख पडद्यावरून झाकून टाकली. पडदा सुटसुटीत झाला. सर्वांनी वाहवा केली.

झाकले म्हणजे पुसले नव्हते. आधीच्या नोंदी आत सुरक्षित होत्या. पण त्याच सुमारास हंगामी माणसांच्या जुन्या कागदी नोंदी यंत्रात भरण्याचे काम चालू होते. भरणाऱ्याला जी जागा दिसतच नाही, ती तो भरणार कशी? पहिली तारीख कोरी राहिली आणि यंत्राने तिथे दुसरीच तारीख गृहीत धरली.

दोन वर्षांनी अकलोलीकडचे एक कामगार निवृत्त होणार होते. ते एस.टी.ने रोज येत. एके दिवशी माझ्या टेबलापुढे येऊन उभे राहिले, हातात बिस्किटाचा पत्र्याचा डबा. म्हणाले, “साहेब, माझी चार वर्षं कुठं गेली?” डब्यात पितळी बिल्ला होता आणि दोऱ्याने बांधलेल्या पगाराच्या चिठ्ठ्या. मी यंत्रात पाहिले. चार वर्षे खरोखरच नव्हती. त्या क्षणी मला माझे वडील दिसले. फरक इतकाच की त्यांच्या वेळचा कारकून मला ठाऊक नव्हता, या वेळचा मीच होतो.

तळघरातली जुनी मस्टरे काढली. वाळवीने कडा खाल्ल्या होत्या, पण शाई शाबूत होती. त्यांची चार वर्षे सापडली. मग मी प्रत्येक हंगामी माणसाची नोंद कागदाशी ताडायला बसलो. आणखी ३७ जणांची वर्षे गळाली होती. वरिष्ठांपुढे जाऊन सांगितले की ही चूक यंत्राची नव्हे, माझी आहे. बोलणी खावी लागली, ती खाल्ली. पहिली तारीख पडद्यावर परत आणली आणि ती कोरी ठेवली तर नोंद पुढे जाऊच नये असा बंदोबस्त केला. नव्या आवृत्तीची पाहणी करताना त्यानंतर मी एक प्रश्न नेहमी विचारीत आलो: हा पडदा कोणाला सोपा होतो आहे? वापरणाऱ्या कारकुनाला, की ज्याचे नाव आत लिहिले आहे त्याला?

आता अकलोलीच्या कुंडावर परत येतो. तिथे पाय सोडून बसलो असता शेजारून आवाज आला, “साहेब, ओळखलंत का?” तेच गृहस्थ! ऐंशीच्या घरातले, पण आवाज खणखणीत. त्यांच्याबरोबर नातू होता. तो महामार्गालगतच्या एका गोदामात ठेकेदाराकडून कामाला. भिवंडीच्या मागांची खडखड ऐकत वाढलेल्या पिढीनंतर आता ही गोदामांची पिढी आली आहे. पोरगा सांगत होता, “फाटकावर यंत्राला चेहरा दाखवायचा. हिरवा दिवा लागला की हजेरी.”

मला अलाउद्दीनच्या शिपायांची आठवण झाली. सातशे वर्षांनी पुन्हा चेहरा! मी विचारले, “महिन्याचे दिवस किती भरले, ते तुला कुठे दिसते?”

“मला नाही दिसत. ठेकेदाराला दिसते.”

“मागच्या महिन्यात किती भरले होते?”

“मी म्हणतो २६, तो म्हणतो २३.”

आजोबा माझ्याकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, “साहेब, याच्याकडं डबा नाही.”

मी पोराला सांगितले, पगाराची चिठ्ठी मागून घे, मोबाइलवर आली तर जपून ठेव. भविष्यनिर्वाह निधीचा तुझा १२ आकडी क्रमांक विचारून घे. २०१४ पासून तो दिला जाऊ लागला तो याचसाठी, की ठेकेदार बदलला तरी माणूस एकच राहावा. त्यावरचे नाव आधारावरच्या नावाशी अक्षरानुअक्षर जुळते का, ते आजच पाहा. आणि एक दोनशे पानी वही घे. रोज रात्री तारीख, आत गेल्याची वेळ, बाहेर आल्याची वेळ, एवढेच लिही. पोरगा हसला. म्हणाला, “यंत्र असताना वही?”

“यंत्र त्यांचे आहे,” मी म्हटले, “वही तुझी.”

या आठवड्यात त्याचा फोन आला होता. ११ महिन्यांची वही भरली आहे. दोन वेळा ती ठेकेदारापुढे ठेवली. एकदा दिवस मिळाले, एकदा नाही. तिसऱ्या वेळची गोष्ट अजून चालू आहे. शेवटी त्याने विचारले, “काका, लक्ष्मीपूजनाला ही वही पाटावर ठेवली तर चालेल का? आजोबा म्हणतात ठेव, आजी म्हणते पैशांचीच वही ठेवतात.”

मी सांगितले, ठेव. आणि शेजारी आजोबांचा बिल्लाही ठेव.