पलंगाचं रेलिंग आणि पडणारा रुग्ण

घरातलं म्हातारं माणूस दवाखान्यात पलंगावरून पडलं की आपल्याकडे दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. ‘तकदीर, दुसरं काय!’ आणि ‘उठू नका म्हणून सांगितलं होतं ना?’ पहिल्यात दोष नशिबाचा, दुसऱ्यात रुग्णाचा. वैद्यकशास्त्रानेही बराच काळ याच दोन समजुतींवर काम चालवलं. त्यातून ते बाहेर कसं पडलं, तो इतिहास मला महत्त्वाचा वाटतो.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अंथरुणात पडून राहणं हाच मोठा उपचार मानला जाई. १९४७ साली रिचर्ड अ‍ॅशर या लंडनच्या डॉक्टरांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये या समजुतीवर बोट ठेवलं. पडून राहिल्याने स्नायू झडतात, सांधे आखडतात, रक्ताच्या गुठळ्या होतात, असं त्यांनी मांडलं. म्हणजे पडू नये म्हणून ज्याला झोपवून ठेवलं, तोच पहिल्यांदा उभा राहताना पडण्याची भीती अधिक.

तरीही बंदोबस्ताचा मोह सुटला नाही. पलंगाला रेलिंग आली, हातापायांना पट्टे आले. पण गोंधळलेला रुग्ण रेलिंग ओलांडू पाहतो आणि जास्त उंचावरून कोसळतो. कधी गादी आणि रेलिंगच्या फटीत अडकतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाकडे १९८५ ते २००९ या काळात अशा अडकण्याच्या ८०३ घटनांची नोंद झाली. त्यांत ४८० माणसं दगावली. संरक्षणासाठी लावलेल्या वस्तूचा हा हिशेब आहे.

दरम्यान कॅनडात जेनिस मोर्स या परिचर्या-संशोधिकेने वेगळा प्रश्न विचारला : पडतं कोण? उत्तरात नशीब नव्हतं. आधी कधी पडलेला, चाल डळमळीत असलेला, सलाईन लावलेला, आपल्याला कितपत झेपेल याचं भान नसलेला रुग्ण जास्त पडत होता. यावरून त्यांनी १९८९ मध्ये गुणांची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. बहुतेक पडणं आधी ओळखता येतं, हे यातून पुढे आलं.

मात्र गुण मांडले म्हणजे काम संपलं, असं होत नाही. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१३ मध्ये अशा भाकिताच्या मोजपट्ट्या वापरू नका, प्रत्येकाची कारणं पाहा, असं सांगितलं. ऑस्ट्रेलियातल्या सहा रुग्णालयांच्या २४ वॉर्डांत मोजपट्टी, सूचनाफलक, बुटके पलंग, अलार्म असं सगळं वापरून पाहिलं. २०१६ मध्ये निष्कर्ष आला, की पडणं कमी झालं नाही.

फरक दिसला तो बोस्टन आणि न्यूयॉर्कमध्ये. तिथे परिचारिकेने रुग्णाला आणि नातेवाइकांना सोबत घेऊन कारणं शोधली, उपाय ठरवले आणि तो तक्ता उशाशी लावला. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पडणं १५ टक्क्यांनी घटलं, पडून इजा होणं ३४ टक्क्यांनी.

आपल्या सरकारी दवाखान्यांत एका सिस्टरकडे कितीतरी खाटा असतात. रात्रीची खरी राखण सोबत आलेला मुलगा किंवा सूनच करते. म्हणून हा धडा आपल्या कामाचा आहे. रुग्ण हट्टाने उठत नाही, त्याला गरज उठवते. लघवीला जायचं असतं, पाणी हवं असतं. आपल्या घरातली बुजुर्ग माणसं तर फजरच्या वुजूसाठी अंधारातच पाय खाली टाकतात, आणि मोरीची फरशी ओली असते. आजारी माणसाला तयम्मुमची, बसून किंवा पडून नमाजची मुभा आहे, हे त्यांना ठाऊक असतं. पण कुणाची झोप मोडायला नको म्हणून ती एकटीच उठतात.

तेव्हा झोपण्याआधी विचारून ठेवावं : ‘अब्बा, रात्री कशासाठी उठावं लागेल?’ चष्मा, चप्पल, काठी हाताशी ठेवावी. झोपेची किंवा रक्तदाबाची नवी गोळी सुरू झाली असेल तर चक्कर येते का, हे डॉक्टरांना विचारावं. आणि ‘मला उठवलंत तरी चालेल’ हे त्यांना मोकळेपणाने सांगावं.