विठ्ठलवाडी (कल्याण) : खासगी वाहन आणि सार्वजनिक वाहतूक

मध्य रेल्वेच्या उपनगरी मार्गावर कल्याणनंतर कर्जतच्या दिशेला लागणारे पहिले स्थानक आणि कल्याण पूर्व-उल्हासनगर सीमेवरचा त्याच नावाचा परिसर. (पुण्यात सिंहगड रस्त्यालगत असलेली विठ्ठलवाडी वेगळी.) येथे एसटीचे आगारही आहे. लोकांनी मोटार सोडून सार्वजनिक वाहतुकीकडे वळावे, या चर्चेत हे ठिकाण जरा उलटे पडते. इथला नोकरदार पिढ्यान्‌पिढ्या लोकलचाच आहे. प्रश्न त्याला वळवण्याचा नाही, टिकवण्याचा आहे.

लोहमार्ग 1854 मध्ये कल्याणला आणि 1856 मध्ये बोरघाटाच्या पायथ्याशी खोपोलीला पोचला. पुढे निर्वासितांच्या छावणीतून उल्हासनगर उभे राहिले आणि वस्ती रुळांच्या कडेने पसरली. पन्नासहून अधिक किलोमीटरवरच्या मुंबईला रोज गाडी काढून जाण्याचा विचार फारसा कोणी करत नाही. खासगी वाहन शिरते ते घर ते स्थानक या शेवटच्या एक-दोन किलोमीटरांत. कल्याण-डोंबिवली महापालिकेची बससेवा (केडीएमटी) 1999 पासून आहे, पण या टप्प्यावर खरी सत्ता शेअर रिक्षेची. परवाना तीन प्रवाशांचा, तरी चालकाशेजारची ‘चौथी सीट’ सर्वांना ठाऊक. ती बेकायदा आणि धोक्याची आहेच. मात्र मोटारीत एकट्याने बसून रिक्षांना नावे ठेवणे हेही चमत्कारिकच.

खरी अडचण रुळांवर आहे. कल्याण-बदलापूर टप्प्यावर दोनच मार्गांवरून लोकल, पुण्याकडच्या मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या धावतात. तिसरी-चौथी मार्गिका मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाच्या 3अ टप्प्यात आहे. तोवर जागेसाठी काही जण आधी उलट दिशेने अंबरनाथ-बदलापूरला जातात आणि त्याच गाडीने ‘रिटर्न’ येतात. 9 जून 2025 रोजी मुंब्र्याजवळ दारात लटकलेले प्रवासी लोकलमधून पडून मृत्युमुखी पडले. त्यानंतर ‘गाडी घरी ठेवा’ हे आवाहन ऐकणाऱ्याला पोकळ वाटले तर दोष त्याचा नव्हे.

रस्ताही सुखाचा नाही. शिळफाट्याकडे जाणारा जुना पत्री पूल 2018 मध्ये पाडला. नवा जानेवारी 2021 मध्ये खुला झाला. मधल्या काळात मोटारवाल्यांना कोंडीने पुरते जेरीस आणले, तरी त्यामुळे मोटारी कमी झाल्या असे नाही. त्या मानाने भाड्यातली सवलत अधिक थेट आहे. ज्येष्ठांपैकी 75 वर्षांवरील प्रवाशांना ऑगस्ट 2022 पासून एसटीचा प्रवास मोफत, तर मार्च 2023 पासून महिलांना अर्धे तिकीट.

ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो 5 चे भूमिपूजन 18 डिसेंबर 2018 रोजी कल्याणला झाले. मूळ आराखड्यात सुमारे 25 किलोमीटरच्या या मार्गाचे टोक कल्याणच्या बाजार समितीपाशी आहे. विठ्ठलवाडीकराला तिथवर जायला पुन्हा रिक्षाच शोधावी लागेल.