तालुक्यात गाडलेले व्यंजन

मंडळी, आमची पवनी तालुक्याचे गाव. या ‘तालुका’ शब्दात एक व्यंजन गाडले गेले आहे. मूळ अरबी शब्द ‘तअल्लुक’, म्हणजे संबंध. त्यातला ‘अ’ आपला अ नव्हे. ते ‘ऐन’ नावाचे व्यंजन. जिभेचे मूळ मागे ओढायचे, घसा आवळायचा आणि त्यातून आवाज काढायचा. आपल्या व्याकरणात क-वर्ग कंठ्य खरा, पण क उमटतो मऊ टाळूशी. अस्सल घशातला वर्ण हा!

जगात तो मोजक्याच भाषांत आहे. अरबी, सोमाली, इथिओपियाकडची तिग्रिन्या अशा काही. सोमालीने १९७२ साली रोमन लिपी घेतली तेव्हा त्यासाठी ‘सी’ हे अक्षर नेमले. माल्टा बेटावर मात्र अक्षर लिहितात, उच्चार गेला.

आपल्याकडे हे शब्द फारसीच्या हाताने, दरबारी कागदांतून आले. इराण्यांच्या तोंडीच त्या ऐनाचा जोर उरला नव्हता, मग आपल्यापर्यंत काय पोचणार? तरी खूण राहिली. व्यंजन गळाले तिथे बहुधा स्वर लांबला: तालुका, तालीम, मामला, मालूम, जमा. (तालीम म्हणजे मुळात शिक्षण. आपण तिला आखाड्यात नेले आणि गांधीजींनी १९३७ साली वर्ध्यात ‘नई तालीम’ म्हणून परत शाळेत आणले. मला मास्तराला याची गंमत वाटते.) याच व्यंजनाचा घोगरा भाऊ तहसील, हक्क, हुकूम, हिशेब यांत आपल्या साध्या ‘ह’मध्ये मिसळला.

कचेरीत शेतकरी ‘अरज’ म्हणाला की बाबूलोक हसतात. पण ‘अर्ज’ तरी कुठे मूळचा? त्याच्या सुरुवातीला ऐन होते आणि शेवटचा ज अरबीत ज नव्हताच. कोणी कोणाला हसावे!

हिब्रूतही हे व्यंजन होते. कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, म्हणजे बेने इस्रायल किंवा शनवार तेली, हिब्रू विसरले, तरी ‘शेमा’ ही एक प्रार्थना त्यांनी जपली, असे त्यांची परंपरा सांगते. शेमा म्हणजे ऐक. त्या शब्दाच्या शेवटी ऐनच आहे. १९४८ नंतर त्यांतले बरेच इस्रायलला गेले. तिथे ते अक्षर रोज लिहिले जाते, पण बहुतेकांच्या बोलण्यात ऐकू येत नाही. येमेनहून आलेल्या ज्यूंच्या जुन्या पिढीने मात्र ते घशात टिकवले.