पर्शिंग रायफल्स : एका फितीचा इतिहास

अमेरिकेत १८६२च्या मॉरिल कायद्यामुळे सरकारी जमिनीच्या उत्पन्नावर उभ्या राहिलेल्या महाविद्यालयांत लष्करी शिक्षणाची सोय झाली. त्यांपैकीच नेब्रास्का विद्यापीठात १८९१ साली लेफ्टनंट जॉन पर्शिंग लष्करी शिक्षक म्हणून रुजू झाले. त्यांनी निवडक विद्यार्थ्यांची कवायत तुकडी घडविली. १८९२ साली ओमाहाच्या राष्ट्रीय स्पर्धेत तिने बक्षीस मिळविले आणि पुढे गुरूचेच नाव धारण केले. परंपरा सांगते की, पर्शिंग यांच्या निरोपाच्या वेळी विद्यार्थ्यांनी त्यांची घोडदळाची विजार मागून घेतली व तिच्या कापडाच्या फिती करून गणवेशावर लावल्या. आज खांद्यावरचा निळा-पांढरा गोफ ही सभासदांची खूण आहे.

१९५०च्या दशकात न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात शिकणारे कॉलिन पॉवेल या संघटनेकडे ओढले गेले. आई-वडील जमैकाहून आलेले, अभ्यासात गती बेताची. पण येथे त्यांना सोबती, शिस्त आणि दिशा लाभली. १९८९ साली ते अमेरिकी सेनाप्रमुखांच्या मंडळाचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष झाले. स्थलांतरितांच्या मुलाला महाविद्यालयाने आपला मानले, तर तो किती मोठी जबाबदारी पेलू शकतो, हे शिक्षकांनी या इतिहासातून जरूर ध्यानात घ्यावे.