अल्लाह बंध: जमिनीने नदी अडवली तेव्हा

कच्छमध्ये लखपतच्या आसपास बिननावाचे कच्चे रस्ते आहेत. तिथे फोनवरचा मॅपही हात टेकतो. मला मात्र प्रश्न पडला होता वेगळाच: या ओसाड जागी 7 किलोमीटरची तटबंदी कशासाठी?

1801 मध्ये जमादार फतेह मोहम्मदने ती बांधली, तेव्हा लखपत भरभराटीचं बंदर होतं. सिंधूचा एक फाटा इथवर यायचा. आधी त्याच्या पाण्यावर भातही पिकायचा. पण 18व्या शतकात सिंधच्या राज्यकर्त्यांनी वर बंधारे घातले आणि शेती सुकत गेली.

मग आला 16 जून 1819. संध्याकाळी मोठा भूकंप झाला. रणात सुमारे 80 किलोमीटर लांबीचा पट्टा वर उचलला गेला, काही ठिकाणी 6 मीटरपर्यंत. त्याच्या दक्षिणेची जमीन खचली, पाणी घुसलं आणि सिंद्रीचा किल्ला बुडाला. आतली माणसं बुरुजावर चढली, दुसऱ्या दिवशी होड्यांतून सुटली. त्या उंचवट्याला लोक म्हणू लागले 'अल्लाह बंध', कारण तो कुणा माणसाने बांधला नव्हता.

1826 च्या पुरात सिंधूने हा बांध फोडला, पण लखपतचे जुने दिवस काही परतले नाहीत. चार्ल्स लायेलने 'प्रिन्सिपल्स ऑफ जिऑलॉजी'मध्ये या भूकंपाची दखल घेतली, आणि कच्छचं रण भूशास्त्रात अजरामर झालं.

'भूकंपाने लखपत उजाड केलं' हे मला अर्धंच उत्तर वाटतं. बांध दोन होते. जमिनीने घातलेल्या बांधाला नाव मिळालं. माणसाने घातलेला आपण विसरलो.