घरातल्या शंभर वॉटची कुळकथा

१९३०च्या दशकात अमेरिकेतल्या कित्येक छोट्या चित्रपटगृहांचा आवाज वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या ‘९१’ नावाच्या ॲम्प्लिफायरवर चालत असे. त्याची ताकद होती साधारण ८ वॉट. प्रेक्षकांनी भरलेलं थिएटर, पडद्यावर गाणी, गोळीबार, वादळं, आणि त्या सगळ्याला पुरून उरणारे ८ वॉट. आज दहा बाय बाराच्या दिवाणखान्यासाठी माणूस प्रत्येक चॅनलला शंभर-दोनशे वॉट देणारा ॲम्प्लिफायर घेतो. मधल्या काळात आपले कान बधिर झालेले नाहीत आणि घरं तर आक्रसलीच आहेत. मग एवढे वॉट जातात कुठे? मोठ्या आवाजाची हौस, असं उत्तर पटकन दिलं जातं आणि ते चुकीचं आहे. घरातल्या दांडग्या ॲम्प्लिफायरचं कूळ शोधत गेलं, तर ते लाउडस्पीकरचा खोका लहान करणाऱ्या माणसापाशी जाऊन पोचतं.

मूळपुरुष अर्थात व्हॉल्व्ह. ली डी फॉरेस्टने १९०६मध्ये काचेच्या नळीत तिसरा इलेक्ट्रोड घातला आणि दुबळ्या विद्युत-संदेशाला बळ देण्याची सोय झाली. तिचा पहिला मोठा उपयोग टेलिफोनला झाला. १९१५मध्ये न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को बोलणं सुरू झालं, ते वाटेत बसवलेल्या अशाच वर्धकांमुळे. घरात ऐकण्याची गोष्ट सुरू होते ती १९२५पासून. त्या वर्षी जनरल इलेक्ट्रिकमधल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी कागदी शंकू आणि हलती कॉइल असलेला लाउडस्पीकर मांडला. आजचा जवळजवळ प्रत्येक स्पीकर त्याचाच वंशज आहे. त्याच्याबरोबर घरी आलेल्या ॲम्प्लिफायरची ताकद होती सुमारे १ वॉट.

इथेच एक वळण आहे. कर्ण्याच्या स्पीकरमध्ये पडदा हवेला हळूहळू रुंदावत जाणाऱ्या नळीतून ढकलतो, त्यामुळे हवेवर त्याची पकड चांगली बसते. चित्रपटगृहातला चांगला कर्णा विजेचा चौथा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त भाग आवाजात उतरवी. उघड्या शंकूची हवेवरची पकड सैल. त्याला दिलेली बहुतेक वीज कॉइल तापवण्यात जाते. पण कर्णा खोल स्वर द्यायला लागला की अवाढव्य होतो. पॉल क्लिप्शने १९४६च्या सुमारास घरासाठी बनवलेला ‘क्लिप्शहॉर्न’ छातीइतका उंच होता आणि खोलीचा कोपरा अडवून बसे. थोडक्या वॉटांत तो घर दणाणून सोडी, पण कोपरा त्याला हवाच.

ताकदीआधी शुद्धतेचा प्रश्न सुटायला हवा होता, आणि तो पुन्हा टेलिफोनवाल्यांनीच सोडवला. लांबच्या लाइनवर एकामागे एक अनेक ॲम्प्लिफायर लागत. प्रत्येक जण आपली थोडी विकृती मिसळी आणि शेवटी बोलणं गढूळ होऊन जाई. हॅरॉल्ड ब्लॅक हा तरुण इंजिनिअर यावर वर्षानुवर्षं झगडत होता. आधी त्याने ॲम्प्लिफायरची चूक वेगळी काढून पुढे बाहेर जाताना तिची वजाबाकी करायचा मार्ग काढला. तत्त्व बरोबर, पण त्या काळच्या व्हॉल्व्हना हा तोल दिवसभर सांभाळणं जमेना. मग २ ऑगस्ट १९२७ रोजी सकाळी, हडसन नदी ओलांडून बेल लॅबमध्ये कामाला जाताना, फेरीबोटीवर त्याला सुचलं की बाहेर आलेल्या आवाजाचा काही भाग उलटा करून आत परत द्यावा. वर्धन बरंचसं कमी होईल, पण विकृतीही त्याच प्रमाणात कमी होईल. हातातल्या न्यूयॉर्क टाइम्सच्या एका कोऱ्या राहिलेल्या पानावर त्याने आकृती आणि समीकरण लिहून काढलं. निगेटिव्ह फीडबॅकचा जन्म तो हा. कष्टाने मिळवलेलं वर्धन मुद्दाम टाकून द्यायचं, हे पेटंट कचेरीला इतकं विपरीत वाटलं की पेटंट मिळायला १९३७ साल उजाडलं. मला विसाव्या शतकातल्या अभियांत्रिकीतली ही सर्वांत सुंदर कल्पना वाटते. आजचा जवळपास प्रत्येक ॲम्प्लिफायर तिच्यावर उभा आहे.

ती कल्पना घराघरात नेली डी. टी. एन. विल्यमसन या ब्रिटिश इंजिनिअरने. ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकाच्या १९४७च्या एप्रिल आणि मे महिन्यांच्या अंकांत त्याने आपला आराखडा छापला: केटी६६ जातीच्या व्हॉल्व्हची जोडी, भरपूर फीडबॅक, १५ वॉट, आणि विकृती हजारात एक भागाहून कमी. जगभरच्या हौशी लोकांनी तो घरी जुळवला. त्यातला खरा कस आउटपुट ट्रान्सफॉर्मरचा होता. व्हॉल्व्हला हवा जास्त व्होल्टेजचा आणि कमी प्रवाहाचा भार, स्पीकरला हवं नेमकं उलटं. या दोघांच्या मध्ये ट्रान्सफॉर्मर बसवावाच लागतो. ताकद वाढवायची तर तो जड आणि महाग होतो, आणि त्याच्या गुंडाळ्यांमुळे वरच्या स्वरांत फीडबॅक डळमळू लागतो. अमेरिकेत मॅकिंटॉशने १९४९मध्ये दोन तारा एकत्र गुंडाळलेला खास ट्रान्सफॉर्मर वापरून ५० वॉट काढून दाखवले. इंग्लंडात मात्र क्वाड कंपनीचा नावाजलेला ‘क्वाड २’ १९५३मध्येही १५ वॉटचाच होता आणि तेवढे घराला पुरेत, हीच तिथली समजूत होती.

ती समजूत मोडली एडगर विल्चर यांनी. न्यूयॉर्क विद्यापीठात ध्वनिपुनरुत्पादन शिकवणारे विल्चर ॲम्प्लिफायर बनवत नव्हते. त्यांना खुपत होती ती खोल स्वरांची विकृती. स्पीकरचा शंकू कडेच्या कापडी पट्टीवर आणि मागच्या जाळीवर टांगलेला असतो. तो जास्त हलला की ही टांगणी सारख्या जोराने मागे ओढत नाही आणि आवाज बिघडतो. विल्चर यांनी टांगणी जवळजवळ ढिली सोडली आणि स्पीकर हवाबंद खोक्यात बसवला. आता शंकूला मागे आणण्याचं काम खोक्यात कोंडलेली हवा करू लागली, आणि हवेची ही स्प्रिंग कुठल्याही कापडापेक्षा जास्त समतोल वागते. प्रस्थापित कंपन्यांना कल्पनेत रस वाटला नाही, तेव्हा त्यांनी आपला विद्यार्थी हेन्री क्लॉस याच्याबरोबर १९५४मध्ये केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स इथे ‘अकूस्टिक रिसर्च’ काढली. त्यांचा पहिला स्पीकर एआर-१ दोन घनफुटांहूनही लहान खोक्यातला होता. फडताळावर मावणारा हा खोका कपाटाएवढ्या स्पीकरपेक्षा खोल आणि स्वच्छ खर्ज देऊ लागला.

या खोक्याची किंमत ॲम्प्लिफायरला मोजावी लागली. क्लॉसचा पुढचा भागीदार जे. अँटन हॉफमन यांच्या नावाने ओळखला जाणारा एक नियम आहे: लहान खोका, खोल खर्ज आणि थोड्या विजेत मोठा आवाज या तिघांपैकी दोनच मिळतात. विल्चर यांनी पहिले दोन निवडले. असा स्पीकर विजेचा शंभरावा हिस्साही आवाजात उतरवत नाही. थिएटरच्या कर्ण्याला ८ वॉटांत जे जमत होतं, त्यासाठी या खोक्याला काहीशे वॉट लागले असते. त्यातच १९५८पासून स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या आणि प्रत्येक घराला एकाऐवजी दोन स्पीकर लागू लागले. दोन कोपरे अडवणारे दोन कर्णे कोणाच्या घरात मावणार? लहान खोका जिंकला, आणि आपल्याबरोबर मोठ्या ॲम्प्लिफायरची गरज घेऊन आला.

ही गरज सरासरी आवाजाची नसते, हे नीट समजून घ्यावं लागतं. साध्या खोलीत असा स्पीकर मनसोक्त ऐकताना बहुतेक वेळ १ वॉटच्या आसपासच वीज खातो. पण पखवाजाची खुली थाप तानपुऱ्याच्या आसापेक्षा क्षणभर २० डेसिबलने वर जाऊ शकते. दर १० डेसिबलला वीज दसपट लागते, म्हणजे २० डेसिबलला शंभरपट. त्या एका क्षणासाठी १०० वॉट हवेत. नसतील तर लहरीचा माथा कापला जातो; थापेतला घुमारा जातो आणि उरतो नुसता कडकडाट. आपल्या संगीतात, जिथे शांत आलापाच्या मागोमाग तिहाई येते, तिथे हा फरक फार लवकर कानावर येतो.

एवढी ताकद माफक किमतीत आणि वजनात द्यायला ट्रान्झिस्टर हवा होता. तो बेल लॅबमध्ये डिसेंबर १९४७मध्येच जन्मला होता, पण सुरुवातीचे जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर उष्णतेला फार हळवे. आरसीए कंपनीतल्या हुंग-चांग लिन यांनी १९५६मध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मरच काढून टाकणारं सर्किट दिलं. नंतर सिलिकॉनचे दणकट पॉवर ट्रान्झिस्टर आले. त्यातल्या २एन३०५५ या धातूच्या टोपीतल्या ट्रान्झिस्टरने पुढे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून घरी ॲम्प्लिफायर जुळवणारी आपल्याकडची एक पिढीच शिकवली. सोपं मात्र काहीच नव्हतं. दोन ट्रान्झिस्टर लहरीचा वरचा आणि खालचा अर्धा भाग वाटून घेतात, आणि एकाचं काम दुसऱ्याकडे जाताना जो सांधा पडतो तो हळू आवाजात खरखरतो. शिवाय व्हॉल्व्ह अतिभार थोडा वेळ सोसतो, तर ट्रान्झिस्टरच्या चकतीवर एक ठिपका तापला की सगळा प्रवाह तिकडेच धावतो आणि निमिषात तो जळतो.

हे जमवून इंडियाना राज्यातल्या क्राउन कंपनीने १९६७मध्ये डीसी-३०० काढला: प्रत्येक चॅनलला १५० वॉट. १९६९च्या वुडस्टॉक महोत्सवात लाखोंच्या गर्दीपुढे मॅकिंटॉशचे ३५० वॉटचे व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर होते. त्यानंतर थोड्याच काळात बॉब कार्व्हर यांनी ‘फेज लिनिअर ७००’ घरासाठी आणला, आणि त्याची ताकद होती प्रत्येक चॅनलला ३५० वॉट, तीही हजार डॉलरच्या आत.

आणि मग वॉटचा बाजार झाला. कोणी क्षणिक ताकद छापी, कोणी दोन चॅनलची बेरीज, कोणी विकृती कितीही वाढू देऊन मोजलेला आकडा. अखेर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७४मध्ये नियम केला: ताकद सतत देता येणारी असावी, आणि ती स्पीकरच्या किती ओहमच्या भारावर, कोणत्या स्वरपट्ट्यात, किती विकृतीसह, हे सोबत सांगावं. मोजण्याआधी ॲम्प्लिफायर एक तास एकतृतीयांश ताकदीवर चालवावा. हे कलम नेमकं वर्मी बसलं. नेहमीच्या प्रकारचा ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर सर्वाधिक तापतो तो पूर्ण ताकदीला नव्हे, साधारण चाळीस टक्क्यांना. त्यामुळे उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीट सिंकमध्ये काटकसर केलेली यंत्रं त्या एका तासात उघडी पडली. आपल्याकडे असा धाक नव्हता. म्हणून नव्वदच्या दशकात हातात मावणाऱ्या टेपरेकॉर्डरवरही ‘पीएमपीओ’ म्हणून शेकडो वॉट छापलेले असत, आणि ग्राहकाची ती सरळ फसवणूक होती.

प्रामाणिक वॉटही सगळं सांगत नाहीत. १९७०मध्ये फिनलंडच्या मट्टी ओटाला यांनी दाखवलं की मुळात मंद असलेल्या ॲम्प्लिफायरला फीडबॅकचा भारी डोस दिला, तर अचानक आलेल्या आघाताला तो क्षणभर गोंधळतो. स्पीकरही कागदावरच्या ८ ओहमवर थांबत नाही; काही स्वरांना तो ३ ओहमपर्यंत उतरतो आणि तिथे जास्त प्रवाह मागतो. मार्क लेव्हिन्सन कंपनीचा १९७७चा एमएल-२ आठ ओहमवर फक्त २५ वॉट देई, पण ४ ओहमवर ५० आणि २ ओहमवर १००. ओहम निम्मे झाले की ताकद दुप्पट, अशी त्याची ऐट होती. क्वाडच्या पीटर वॉकर यांनी १९७५मध्ये १०० वॉटच्या ‘४०५’मध्ये एका लहान, स्वच्छ ॲम्प्लिफायरला मोठ्या, ओबडधोबड ॲम्प्लिफायरची चूक पुढच्या पुढे भरून काढायला लावलं. ब्लॅकने फीडबॅकच्या आधी टाकून दिलेली कल्पना पन्नास वर्षांनी अशी दिवाणखान्यात आली.

आता क्लास डी ॲम्प्लिफायर ट्रान्झिस्टरला पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद अशा दोनच अवस्थांत सेकंदाला लाखो वेळा फिरवतात आणि नव्वद टक्के वीज स्पीकरपर्यंत पोचवतात. तळहाताएवढ्या पट्टीतून शंभर वॉट मिळतात आणि हीट सिंक फारसं तापत नाही. स्पीकरचं भौतिकशास्त्र मात्र विल्चर यांच्या काळातलंच आहे. म्हणून दुकानात गेलात तर ॲम्प्लिफायरच्या वॉटआधी स्पीकरची सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक विजेत तो किती डेसिबल आवाज देतो, ते विचारा. ८४ डेसिबलच्या स्पीकरला ९० डेसिबलच्या स्पीकरइतकाच आवाज द्यायला चौपट वीज लागते. मग ॲम्प्लिफायरचा ८ ओहमवरचा आणि ४ ओहमवरचा, दोन्ही चॅनल एकाच वेळी चालू असतानाचा, सततच्या ताकदीचा आकडा मागा. तो आकडा द्यायला जो विक्रेता तयार नाही, त्याच्याकडून घेऊ नका.